देवराई तोडून काजू लावला, तर हिशोब जुळतो का?

कातळवाट
आमच्या गावी, तळकोकणात, रवळनाथाच्या राईतली एक एकर मोकळी करून सभामंडप वाढवायचं जवळपास ठरलंय. गाड्यांसाठी पेव्हर ब्लॉकही येणार. बदल्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, वेंगुर्ला-४ या काजूची दोनशे कलमं. "झाडाला झाड दिलं, कार्बनही तेवढाच," असं बैठकीत म्हणाले.

मला हे मुळीच पटत नाही. सगळे फक्त वर बघतायत. परवा राईत बसून हाताने पातेरा बाजूला केला. वर किंजळीची करकरीत पानं, त्याखाली नुसती शिरांची जाळी उरलेली दमट पानं, मग बुरशीच्या पांढऱ्या तंतूंनी शिवल्यासारखा काळा चुरा. मनगटापर्यंत हात गेला तरी जांभा लागला नाही. गडग्यापलीकडे दहा पावलांवर कोयतीचं टोकही रुतत नाही.

जगभरच्या मातीत आहे तेवढा कार्बन हवा आणि झाडझाडोरा मिळूनही भरत नाही. जुनं जंगल "भरलेलं" असतं, आणखी साठवत नाही, असं मानायचे. दक्षिण चीनमध्ये डिंगहूशानच्या ४०० वर्षांहून जुन्या जंगलात १९७९ ते २००३ मोजणी झाली. वरच्या २० सेंटिमीटर मातीतला सेंद्रिय कार्बन १.४ टक्क्यांवरून २.३५ टक्क्यांवर गेला होता. हे कलमांकडून कधी भरून निघणार?

भाजावळ
ताई, मातीबद्दल वाद नाही. पण चीनचं ते जंगल केवढं आणि आपल्या राया केवढ्या! आमची तीन एकरांची, श्रीवर्धनकडे. २०२० च्या निसर्ग वादळात दोन बेहडे मुळासकट आडवे झाले. खड्ड्यातली काळी माती पावसाने पऱ्ह्यात नेली. काजूवर निदान पोरांच्या फिया भरता येतात.

मृदगंध
मी मृदाशास्त्र शिकतो. पनामातल्या बॅरो कोलोरॅडो बेटावर जंगलातली माती ४ अंशांनी तापवली, तर दोन वर्षांत तिच्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड ५५ टक्क्यांनी वाढला. उष्णता वाढली की जिवाणू-बुरशी साठा जास्त वेगाने खातात. म्हणजे राई न तोडताही काही कार्बन जाणारच. कार्बनच्या नावावर राई राखाल, तर उद्या हाच मुद्दा तुमच्यावर उलटेल.

कातळवाट
@मृदगंध, तिथे झाडं उभी ठेवून माती मुद्दाम तापवली होती. आपण सावलीच काढली तर मे महिन्याचं ऊन थेट मातीवर येईल. वर जेसीबी. जांभ्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम सेंद्रिय कण धरून ठेवतं, ढेकळाच्या पोटातलं तर हवेपासूनही वाचतं. ढेकूळ फुटलं की तेच उघड्यावर पडतं. जे तापमानाने हळूहळू जाईल ते आपणच एका उन्हाळ्यात का घालवायचं?

@भाजावळ दादा, लहान राईला वादळाचा फटका बसतो हा मुद्दा मान्य. म्हणूनच एक एकर कापली तर नवी कड आणखी आत सरकेल, वारा तिथून घुसेल.

पाणंद
दोघांचंही मला पटत नाही. कार्बनचा भाव लागला की राईचाही सौदा होईल, साठवलेल्या कार्बनचं क्रेडिट विकायला कोणीतरी येईल. आमच्या राईखालच्या झऱ्याला मेमध्येही पाणी असतं, मला तेवढं कारण पुरतं. झाड तोडायचं तर देवाला कौल लावायची रीत आहे. तो लावलात का?

भाजावळ
आणि एक विचारू? तुमच्याकडे तरव्याच्या भाजावळीला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, पातेरा कुठून आणतात?

कातळवाट
खरं सांगते, राईच्या कडेचाच. वाळकी काटकीही बाहेर न्यायची नाही असं आजी सांगायची, तरी आमच्याही घरी तो यायचा. दोन वर्षांपूर्वी बंद केला, आता शेणखतावर तरवा करतो. त्या कडेला अजून पायाखाली नुसती लाल खडी लागते.

कौल अजून लावलेला नाही. त्याआधी मंडपाला शाळेमागची पडीक जागा घ्या, असं मी सुचवलंय.

भाजावळ
ती जागा सामाईक असेल. सातबारा काढा, बारा नावं निघतील.

कातळवाट
तेरा निघाली. सात जणांच्या सह्या झाल्या, सहा जण मुंबईत आहेत. रविवारी दादरला जातेय.