थॅडियस स्टीव्हन्स नक्की कसा माणूस होता?

भटकभवानी
परवा फुल्यांच्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका परत वाचली, १८७३ सालचं पुस्तक आणि अर्पण केलंय अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांना मोकळं केलं म्हणून. मग शोधत बसले की तिकडे संसदेत हे रेटलं कुणी, तर लिंकन सोडून थॅडियस स्टीव्हन्स हे नाव सारखं येतंय. पण कुणी त्याला डोक्यावर घेतं, तर कुणी म्हणतं सूडाने पेटलेला खडूस म्हातारा. खरं काय?

पेनसिल्व्हेनियाकर
खडूस होताच हो, जिभेला हाड नव्हतं. जन्म १७९२, व्हरमाँटमधला, एक पाय जन्मतः वाकडा, घरची गरिबी. पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला वकिली जमवली, मग त्या राज्याच्या विधानसभेत. १८३५ मध्ये फुकट सरकारी शाळांचा कायदा रद्दच करायला निघाले होते, सिनेटने मंजूरही केलं होतं, पण ह्याने सभागृहात असं भाषण ठोकलं की वारं फिरलं आणि शाळा वाचल्या. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम हेच, पण लोक गुलामगिरीवरून झालेल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धाचंच बोलतात.
सूडाचं म्हणाल तर १८६३ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने त्याचा लोखंडाचा कारखाना जाळला, म्हणून म्हणतात. पण गुलामगिरीविरुद्ध तो त्याच्या कितीतरी आधीपासून बोलत होता, तेव्हा हे कारण मला काही पटत नाही.

कलम_चौदा
युद्धात तो अर्थसमितीचा अध्यक्ष, म्हणजे पैशाच्या नाड्या ह्याच्या हातात. नंतर १३वी (गुलामगिरी बंद) आणि १४वी (नागरिकत्व, कायद्याचं समान संरक्षण) घटनादुरुस्ती रेटण्यात पुढे. १४व्या दुरुस्तीतल्या समान संरक्षणाच्या कलमाचे शब्द मात्र बिंगहॅम ह्या दुसऱ्या खासदाराचे आहेत, ते श्रेय ह्याला देऊ नका. आपल्या घटनेच्या कलम १४ मध्ये तेच शब्द आलेत, गंमत म्हणजे आकडाही तोच.
लिंकननंतरच्या राष्ट्राध्यक्ष जॉन्सनवर महाभियोग आणला तेव्हा इतका आजारी की खुर्चीत बसवून उचलून आणायचे. सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९, दोन-तृतीयांश लागतात म्हणून एका मताने हुकलं. तीनच महिन्यांत, ऑगस्ट १८६८ मध्ये गेला.

उलटतपासणी
सगळे हार घालताय म्हणून सांगतो, १८२१ मध्ये हाच माणूस एका गुलाम-मालकाचा वकील होता. चॅरिटी बटलर नावाची बाई स्वतःच्या आणि मुलांच्या सुटकेसाठी कोर्टात गेली आणि हा तिच्याविरुद्ध उभा राहून जिंकला!! पुढे बदलला हे खरं, पण ते पान फाडून टाकू नका.
आणि जे त्याला खरं हवं होतं ते झालंच नाही. बंडखोर जमीनदारांच्या २०० एकरांवरच्या जमिनी जप्त करून मोकळ्या झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्या म्हणत होता. मत मिळालं पण जमीन नाही, मग परत त्याच मालकाच्या शेतात अर्धेलीने राबायचं. त्याच्याच पक्षातल्यांनी पाठ फिरवली, मालमत्तेला हात लावायचा म्हटल्यावर सगळे गप्प.

पेनसिल्व्हेनियाकर
१८२१ ची केस बरोबर आहे, मी मुद्दाम टाळली नव्हती, राहून गेली. लँकेस्टरला त्याची कबर आहे ती पण बघण्यासारखी, छोट्याशा दफनभूमीत. बाकीच्या ठिकाणी काळ्यांना जागा द्यायचे नाहीत म्हणून त्याने ती निवडली, आणि कारणही दगडावर कोरून घेतलंय.

भटकभवानी
चॅरिटी बटलरचं माहीतच नव्हतं. थँक्यू सगळ्यांना, आता ते ४० एकरवालं भाषण शोधते.