ओटावातला पहिला हिवाळा: बर्फावर आणि चिखलात गाडीची पकड कशी वाढवावी?

इंद्रायणीकाठ:
नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये आम्ही पुण्याहून ओटावाला आलो. वापरलेली होंडा सीआर-व्ही घेतली आहे, एडब्ल्यूडी आहे, टायर ऑल-सीझन. विकणाऱ्याने सांगितलं की चारही चाकांना ताकद जाते, त्यामुळे वेगळे टायर लागत नाहीत. ऑफिसमधले सगळे मात्र टायर बदलून घे म्हणून मागे लागलेत. रिमसकट चार टायरांचा खर्च ऐकून नवरा गप्पच झाला. मुलांना डेकेअरला रोज मीच सोडते आणि आमच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागताना चांगलाच चढ आहे. बर्फावर आजवर कधी गाडी चालवलेली नाही. टायर खरंच हवेत का? कुठले? गाडी अडकली तर काय करायचं? आणि एप्रिलमध्ये गॅटिनोच्या पुढे एका मैत्रिणीच्या कॉटेजला कच्च्या रस्त्याने जायचं आहे, तिथे चिखल फार होतो म्हणे.

गोठलेली_गोदा:
ताई, मी माँट्रियलला असते. टायर घ्याच, बाकी सगळं नंतर.

एडब्ल्यूडीमुळे गाडी जागेवरून सुटते, चढ चढते. पण ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना लागतातच, त्यामुळे थांबताना आणि वळताना एडब्ल्यूडीचा काही उपयोग नाही. तिथे कामाला येतं ते फक्त टायरचं रबर. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली ऑल-सीझनचं रबर कडक व्हायला लागतं. विंटर टायरचं रबर उणे २५ मध्येही मऊ राहतं, आणि त्याच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फाला धरतात. एडब्ल्यूडीचा धोका असा की गाडी झोकात निघते आणि आपल्याला वाटतं रस्ता चांगला आहे. तो कसा आहे ते लाल सिग्नलला कळतं.

टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह शोधा. नुसतं एम+एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरत नाही, ते फक्त नक्षीच्या रचनेबद्दल असतं. आमच्या क्युबेकमध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्याने सक्तीचे आहेत. तुमच्या ओंटारिओत सक्ती नाही, पण विंटर टायर लावले तर विमा कंपनीला सवलत द्यावी लागते. २०१६ पासूनचा नियम आहे. फोन करून मागून घ्या.

आणि चारही बदला. खर्च वाचवायला पुढचे दोनच बदलले की वळणावर मागचा भाग बाहेर फेकला जातो. अननुभवी माणसाला ते सावरणं फार अवघड.

सह्यकडा_ओटावा:
गोदाताईंना पूर्ण अनुमोदन. कुठले म्हणाल तर मिशलिन एक्स-आइस, ब्रिजस्टोन ब्लिझॅक आणि नोकियन हाकापेलिट्टा, यातले कुठलेही डोळे झाकून घ्या. ब्लिझॅकच्या रबरात अतिसूक्ष्म छिद्रं असतात, ती बर्फावरचा पाण्याचा थर ओढून घेतात. नोकियन फिनलंडची, विंटर टायर १९३४ पासून बनवतेय. खिळ्यांचे टायर मात्र बघू नका, आपल्याकडे दक्षिण ओंटारिओत त्यांना परवानगी नाही.

स्वतंत्र स्टीलच्या रिम घ्या. दर मोसमाला टायर रिमवरून उतरवण्याचे पैसे वाचतात.

इंद्रायणीकाठ:
खूप आभार. ऑल-वेदर नावाचेही टायर दिसले. ते वर्षभर ठेवता येतात का?

सह्यकडा_ओटावा:
येतात, आणि त्यांच्यावर तो डोंगर-हिमकण असतो. पण ओटावाची जानेवारी, वर रोजची लहान मुलं आणि तो चढ! मी तरी तुम्हाला विंटरच सांगेन. आणि थंडीत हवेचा दाब महिन्यातून एकदा बघा. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो.

शेवंती_७७:
टायर झाले, आता पाय. पहिला बर्फ पडला की रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये, परवानगी काढून, सावकाश वेगात मुद्दाम जोरात ब्रेक दाबून बघ. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू झालं की पॅडल पायाखाली थरथरतं आणि घरघर आवाज येतो. घाबरून पाय काढायचा नाही, दाबून धरायचा आणि स्टिअरिंग जायचंय तिकडे ठेवायचं. हा अनुभव हायवेवर पहिल्यांदा येता कामा नये, म्हणून हे नक्की कर.

सगळ्यात निसरडा बर्फ उणे वीसला नसतो गं, शून्याच्या आसपास असतो, कारण वर पाण्याचा पातळ थर राहतो. पूल आधी गोठतात. आणि गोठणारा पाऊस, म्हणजे रस्त्याला लागताच बर्फ होणारा, असेल त्या दिवशी घरी थांब. १९९८ च्या जानेवारीत याच पावसाने ओटावा-माँट्रियल कितीतरी दिवस अंधारात होतं. तसल्या रस्त्यावर कुठल्याच टायरचा भरवसा धरू नये.

गाडी रुतली तर आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं कर, नाहीतर विषारी धूर आत येतो. हे मुलं गाडीत असताना विसरायचंच नाही. मग चाकांसमोरचा बर्फ फावड्याने काढ, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की त्याची ताकद आपोआप कमी करणारी सोय) बंद कर, आणि हलक्या पायाने थोडं पुढे, थोडं मागे. चाक जागच्या जागी गरगरलं की लगेच थांब, कारण खालचा बर्फ वितळून गुळगुळीत काच होते. डिकीत वाळूची पिशवी ठेव. मांजराच्या शी-शूच्या डब्यात टाकतात ती मातीही (कॅट लिटर) चालते, फक्त पाण्याने गोळा न होणारी घे. चाकाच्या रेषेत कुणी उभं राहू नये.

गोठलेली_गोदा:
चिखलाचं राहिलं. एप्रिलमध्ये वरची माती वितळते, खालची गोठलेली असते, पाणी मुरायला जागाच नाही. म्हणून कच्चा रस्ता लापशीसारखा होतो. विंटर टायरची नक्षी चिखलाने भरली की पकड संपली. दुपारी जाऊ नका, सकाळी लवकर जमीन कडक असते तेव्हा जा. खोल चाकोरी टाळा, एका संथ वेगाने चला, मध्ये थांबू नका. आणि मैत्रिणीला आदल्या दिवशी विचारा. काही गावं या दिवसांत जड गाड्यांना बंदी घालतात, त्यावरून रस्त्याची अवस्था कळते.

नाशिककर_भटका:
थोडं अवांतर. जानेवारीत मनालीहून अटल बोगद्याकडे जायचंय, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी. साखळ्या कुठे लावू?

शेवंती_७७:
पुढच्या चाकांना. घरच्या अंगणात एकदा लावून बघा, थंडीत बोटं चालत नाहीत. वेग ४० च्या आत, आणि डांबर लागलं की काढा. बर्फ पडत असेल तर पोलीस बहुधा फोर बाय फोर किंवा साखळ्यांच्या गाड्याच पुढे सोडतात. उतरताना पहिल्या-दुसऱ्या गिअरवर या, ब्रेकवर नाही.

इंद्रायणीकाठ:
नवऱ्याला धागा वाचायला दिला. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याची वेळ घेतली आहे, चार टायर, स्टीलच्या रिमसकट.

सह्यकडा_ओटावा:
वा! बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा घट्ट करून घ्या. काढलेल्या टायरांवर खडूने पुढचा-मागचा, डावा-उजवा लिहून ठेवा.