झेंडूची दोन रोपं पुरत नाहीत
टोमॅटोशेजारी झेंडूची दोन रोपं लावूनही मुळांना गाठी आल्याच, म्हणजे सोबतीची लागवड (एका पिकाला मदत म्हणून शेजारी दुसरं लावणं) हे थोतांड, असं कुणीतरी म्हटलंय. मला ते पटत नाही. गाठी करणारे सूत्रकृमी, म्हणजे मातीतले अगदी बारीक कृमी, झेंडूच्या मुळांतल्या द्रव्याने मरतात, पण त्या मुळांच्या अगदी लगतचेच. म्हणून झेंडू टोमॅटोच्या आधी, अख्ख्या वाफ्यात दाट लावायचा, दोनेक महिने वाढू द्यायचा आणि तिथेच मातीत गाडायचा.

माझा सगळ्यात जास्त भरवसा मात्र कोथिंबिरीवर. चार-पाच रोपं न खुडता फुलू द्या. त्या बारीक पांढऱ्या फुलांवर सिरफिड माश्या (फुलांवर येणाऱ्या, किडी खाणाऱ्या अळ्यांच्या माश्या) येतात आणि माव्याने, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीने, भरलेल्या पानांवर अंडी घालतात. पान उलटून नीट बघा, त्यांची बिनपायांची हिरवट अळी मावा तोंडात धरून उचलते आणि शोषून रिकामा करते. कृपा करून तिला कीड समजून चिरडू नका! मावा दिसल्या दिसल्या फवारणीही नको, त्यात आधी हीच मरते.

मका-घेवडा-भोपळा एकत्र लावायचं त्रिकूटही चांगलंच, पण कुंडीत नको. भोपळ्याला पसरायला जमीन लागते.