काड्या-व्हॉल्व्ह ट्यूबचा घन उभा का राहत नाही?

कोपरा_६:
सहावीच्या मुलांसाठी खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या पद्धतीने काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब (बारीक रबरी नळी) वापरून घनाकृती करायच्या आहेत. बांबूच्या काड्या, १० सेंमीच्या. चतुष्फलक (चार त्रिकोणांची आकृती) टणक होतो, घन मात्र हात काढताच कलंडतो. म्हणून पृष्ठांवर कर्ण घातले, १० × √२ म्हणजे १४.१ सेंमीचे, तरी चौरस तिरकेच. सांधे सैल आहेत का? आणि विंशतिफलकात (वीस त्रिकोणांच्या आकृतीत) एका शिरोबिंदूला पाच काड्या कशा जोडायच्या?

त्रिज्या:
सांध्यांना दोष देऊ नका. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की कोन आपोआप ठरतात, चौकोनाचे ठरत नाहीत. हिशेब असा: शिरोबिंदूंच्या तिपटीतून ६ वजा करा, किमान तेवढ्या काड्या लागतात. प्रत्येक बिंदू तीन दिशांना हलू शकतो. त्यातून अख्खी आकृती सरकण्या-फिरण्याचे सहा प्रकार वजा. चतुष्फलकाला ६ हव्यात, ६ आहेत. घनाला १८ हव्यात, आहेत १२. म्हणजे सहा कर्ण, प्रत्येक पृष्ठावर एक. ते एकाआड एक कोपऱ्यांवरच जुळवले तर घनाच्या पोटात चतुष्फलक तयार होतो. मुलांना तो आधी सांगू नका, रंगीत काड्या द्या म्हणजे त्यांनाच दिसेल. तेवढ्या चार कोपऱ्यांवर सहा-सहा काड्या येतात, उरलेल्या चारांवर तीनच.

काटकोन:
१४.१ चुकतंय, कारण ती काडीची लांबी धरली, कडेची नाही. काडी सांध्याच्या मध्यापर्यंत पोचत नाही. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा सेंमी रिकामी ट्यूब राहत असेल तर कड ११ सेंमी झाली. तिचा कर्ण १५.५६, त्यातून एक सेंमी वजा केला की काडी १४.५६, म्हणजे साडेचौदाच्या किंचित वर. तुमची काडी जवळपास अर्धा सेंमी आखूड, म्हणून चौरसाचा समभुज चौकोन होतो. रिकामी जागा पट्टीने मोजा, मगच कापा.

सुईदोरा:
पाच काड्यांचा सांधा: ट्यूबचे दीड सेंमीचे पाच तुकडे घ्या, प्रत्येकाच्या एका टोकापासून ३ मिमीवर सुई आरपार घाला, पाचही एका दोऱ्यात ओवा आणि दोरा आवळून गाठ मारा. वळं सैल राहिलं तर मात्र आकृती डुगडुगते. घनाच्या सहा काड्यांच्या कोपऱ्यांनाही हेच चालतं. विंशतिफलकाच्या ३० काड्यांना ६० टोकं, म्हणजे ६० तुकडे, ९० सेंमी ट्यूब. मीटरभर घ्या, ताजी. जुनी कडक झालेली ट्यूब भोकापाशी चिरते. काडी जाड असेल तर टोक ब्लेडने तासा.

क्रम महत्त्वाचा. आधी पाच-पाच त्रिकोणांच्या दोन टोप्या करा, प्रत्येकी १० काड्या. उरलेल्या १० नागमोडी लावून टोप्या जोडा. वरच्या टोपीचा कोपरा खालच्या बाजूच्या मध्यावर यायला हवा. कोपऱ्यावर कोपरा ठेवलात तर मध्ये चौकोन होतात, पाच काड्या उरतात आणि टोप्यांच्या कडेच्या प्रत्येक सांध्यात एक तुकडा रिकामा राहतो. तसं दिसलं तर जोडकाड्या सोडवा आणि वरची टोपी ३६ अंश फिरवा.