ऑफिसातलं राजकारण शिकवायचं?

बुटीबोरीकर:
काल इथे एकाने लिहिलं, ‘ज्याला ऑफिसातलं राजकारण जमत नाही त्याने प्रमोशनची आशा सोडावी, नेतृत्व म्हणजे तेच, त्याचं ट्रेनिंगच द्यायला हवं.’ डोकंच फिरलं. मी प्लँटात रात्रपाळीचा सुपरवायझर. बॉयलर बंद पडला की माझी पोरं धावायची, आणि इन्चार्ज झाला साहेबांना एअरपोर्टवर सोडायला जाणारा. ही चमचेगिरी आहे. ट्रेनिंगच्या नावाखाली तिला इज्जत देऊ नका.

महालवाली:
दादा, राजकारण जमणं आणि चमचेगिरी यांत फरक आहे. फेरिस या अमेरिकी संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ऑफिसातलं राजकारण किती जमतं हे मोजायला १८ विधानांची मोजपट्टी मांडली. त्यात चार गोष्टी पाहतात: माणसं ओळखणं, आपलं म्हणणं पटवणं, ओळखी जोडणं आणि बोलण्यात सच्चेपणा जाणवणं. चमचा या चौथ्यात उघडा पडतो. तुमच्या पोरांना नवा पंप हवा असेल तर बजेट ठरायच्या आधी खरेदीवाल्यांशी बोलून ठेवावं लागतं. ते कोणी करायचं?

बुटीबोरीकर:
उघडा पडतो? आमच्याकडचा अजून खुर्चीत आहे.

सिव्हिल लाइन्स:
सरकारी खात्यात सगळा खेळ गोपनीय अहवालाचा, म्हणजे साहेब दरवर्षी आपल्या कामावर जो शेरा लिहितो त्याचा. देव दत्त या सरकारी अधिकाऱ्याचा खटला आठवा. एका वर्षी ‘चांगला’ शेरा, बढतीला हवा ‘खूप चांगला’, आणि त्या माणसाला कळवलंच नव्हतं. २००८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे. हक्क कोर्टातून मिळाला, गोड बोलून नाही.

वर्धा रोड:
तुम्ही सारे काहून भांडून राहिले? ओळखी जोडायच्या कोणाशी? सही करणारे सारे मुंबईत. विदर्भाने महाराष्ट्रात यावं म्हणून झालेल्या १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्या कबूल केल्या होत्या. आपल्या वाट्याला हिवाळी अधिवेशन आलं. साहेब डिसेंबरात येतात, फाइल घेऊन परत जातात. माझ्या नंतर लागलेला मुंबईचा पोरगा आज माझा साहेब आहे, कारण तो रोज त्यांच्या डोळ्यासमोर होता.

हिंजवडीतली नागपूरकर:
मुंबईला दोष देऊन काय मिळालं? दर शुक्रवारी साहेबांना दोन ओळी पाठवायच्या, काय झालं, काय अडलं. नागपूरच्याच एका सीनियर बाईंनी मला हे शिकवलं. माझं काम त्यामुळे दिसलं.

वर्धा रोड:
पुण्याला गेलं की सल्ले सुचतात. आईवडिलांना दवाखान्यात आम्ही नेतो, म्हणून इथे आहोत. अनुशेष दोन ओळींनी भरत नाही.

हिंजवडीतली नागपूरकर:
माझ्या आईवडिलांपर्यंत जाऊ नका. तुम्हाला काही माहीत नाही.

महालवाली:
घरचं मध्ये आणू नका, दोघंही. आणि सिव्हिल लाइन्स, निकालाचं बरोबर, पण शेरा कळल्यावर साहेबांपुढे आपली बाजू मांडता यावी लागतेच ना?

सिव्हिल लाइन्स:
लागते. लेखी मांडावी, पोच घेऊन.

बुटीबोरीकर:
पंपाचं मानतो. आमचाही त्याच कारणाने अडला असेल. पण वर्ग भरवायचाच तर आधी प्रमोशन ठरवणाऱ्यांचा भरवा. काम करणारा आणि पुढे पुढे करणारा यांतला फरक त्यांना कळत नाही.

वर्धा रोड:
आणि बढतीच्या मुलाखती नागपूरला घ्या. रजा टाकून, रात्रभर गाडीत बसून मुंबईला जायचं आणि तिथे ताजंतवानं दिसायचं, हे आम्हीच काहून करायचं?