अल्जीरियात १९९२ ला निवडणूक रद्द झाली नसती तर?

सदाफुली :
माझ्या टीममध्ये अल्जीरियाची एक जण आहे, चाळिशीची असेल. परवा शाळेच्या आठवणी निघाल्या तर म्हणाली आमच्या लहानपणी रात्री दार वाजलं की घरातले सगळे जागच्या जागी गप्प व्हायचे, आणि लगेच विषयच बदलला तिने. मी घरी येऊन वाचायला बसले तर डोकं सुन्न झालं. एवढं कळलं की डिसेंबर १९९१ मध्ये फिस हा इस्लामी पक्ष जिंकत होता, लष्कराने निवडणूकच रद्द केली आणि मग दहा वर्षं नुसत्या कत्तली. मग चूक कुणाची म्हणायची? लष्कर मध्ये पडलं नसतं तर हे टळलं असतं का?

वाळूघड्याळ :
सुरुवात १९९२ पासून करू नका, थोडं मागे जा. १९६२ ला स्वातंत्र्य मिळाल्यापासून एफएलएन हा एकच पक्ष, सगळा देश तेल आणि गॅसवर चाललेला, १९८६ ला तेलाचे भाव कोसळले आणि पोरं रिकामी झाली. त्यांना तिथे हिट्टिस्ट म्हणायचे, म्हणजे दिवसभर भिंतीला टेकून उभे राहणारे. ऑक्टोबर १९८८ मध्ये हीच पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा सैन्याने गोळ्या घातल्या, शेकडो मेले. मग घाबरून १९८९ ला बाकीच्या पक्षांना परवानगी दिली, पण तोवर गल्लीतल्या माणसाच्या अडीअडचणीला धावून जाणारे फक्त मशिदीतलेच लोक उरले होते. फिसला पहिल्या फेरीत निकाल लागलेल्या २३१ पैकी १८८ जागा मिळाल्या त्यात धर्म होताच, पण सत्ताधाऱ्यांवरचा राग त्याहून जास्त होता असं माझं ठाम मत आहे. आणि मतं मिळवून जिंकलेल्या माणसाला मत चालत नाही म्हटल्यावर तो कुठे जाणार? हजारो कार्यकर्ते सहारातल्या छावण्यांमध्ये डांबले, त्यातले कितीतरी सुटल्यावर सरळ बंदूक घेऊन डोंगरात गेले.

जुनापिंपळ :
वाळूघड्याळ, ८८ पर्यंतचं पटतं पण पुढचं अर्धवट आहे. गेमारच्या सीमाचौकीवर हल्ला झाला तो नोव्हेंबर १९९१ मध्ये, म्हणजे निवडणुकीच्या आधी, आणि त्यात अफगाणिस्तानातून लढून आलेले लोक होते, बंदूक आधीच तयार होती. फिसचे अली बेलहाज तर लोकशाही म्हणजे कुफ्र, म्हणजे धर्मद्रोह, असं उघड सांगायचे. तेव्हा बायकांना, पत्रकारांना भीती वाटली ती काही खोटी नव्हती, नंतर जीआयए या सशस्त्र इस्लामी गटाने याच लोकांना वेचून वेचून मारलं. ताहर जाऊत लेखक माणूस, १९९३ ला घराबाहेर गाडीत बसलेला असताना गोळ्या घातल्या. तरीही निवडणूक रद्द करणं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. बूदियाफ या ज्या जुन्या नेत्याला लष्कराने मोरोक्कोतून बोलावून अध्यक्ष केलं त्यांना सहा महिन्यांत त्यांच्याच सुरक्षारक्षकाने अन्नाबा शहरात भाषण चालू असताना मारलं, यावरून आत काय चाललं होतं ते समजा.

रानवाट :
तुमच्या मैत्रिणीच्या गप्प बसण्याबद्दल सांगते. तिथे खोटे नाके असायचे, रस्त्यात सैनिकी कपड्यातले लोक बस थांबवायचे, आणि हे खरे सैनिक की जीआयएचे हे ओळखपत्र हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कळायचं नाही, कुठलं ओळखपत्र दाखवावं हेही कळायचं नाही. १९९७ मध्ये राजधानी अल्जीअर्सजवळच्या बेन्तल्हात एका रात्रीत शेकडो माणसं कापली, सैन्य जवळच होतं आणि आलं नाही असं त्यातून जिवंत राहिलेल्यांनी सांगितलं. एकूण मृतांचा आकडा दीड ते दोन लाख सांगतात. वर हजारो लोक सरकारी माणसांनी उचलून नेले ते परत आलेच नाहीत, सरकारी आयोगानेच सहा हजारांवर आकडा दिला होता.

२००५ ला अध्यक्ष बूतेफ्लिकांनी शांतता आणि समेटाच्या सनदेवर सार्वमत घेतलं, शस्त्र टाकणाऱ्या बहुतेकांना माफी, आणि २००६ च्या कायद्यात असं कलम घातलं की त्या काळातल्या जखमा वापरून सरकारी यंत्रणेची बदनामी केली तर तीन ते पाच वर्षं कैद. खटले नाहीत, चौकशी नाही. हिंसा कमी झाली हे खरं, पण मला हे सगळ्यात जास्त लागतं की ज्या आयांना पोरगा कुठे पुरला एवढंच विचारायचंय त्यांनाच गप्प केलं.

सदाफुली :
खूप खूप आभार सगळ्यांचे, ते कलम मला माहीतच नव्हतं. तिला आता मी काही विचारणार नाही, ती स्वतःहून बोलली तर ऐकेन. रानवाट, त्या आया अजून जमतात का कुठे?

रानवाट :
वर्षानुवर्षं दर बुधवारी अल्जीअर्समध्ये उभ्या राहायच्या, हातात पोरांचे फोटो घेऊन. पोलीस हाकलायचे, पुढच्या बुधवारी परत यायच्या. २०१९ ला हिराक या सरकारविरोधी आंदोलनाचे मोर्चे निघाले तेव्हा त्या गर्दीतही ते फोटो होते.