कोकणकड्याचे फोटो काळे आले, कडा परत आणता येईल का?

भटकी_शुभा:
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत बाबांना घेऊन हरिश्चंद्रगडावर गेले होते. बाबा ६८ वर्षांचे, म्हणून सोपी अशी पाचनईची वाट धरली आणि वर तंबूत मुक्काम केला. सकाळी सव्वासातला कोकणकड्यावर पोचलो. ऊन अजून मागच्या डोंगराआडच होतं. डोळ्यांना सगळं छान दिसत होतं: कड्याचे थर, थरांच्या सांदीत पिवळं पडलेलं गवत, खाली कोकणातलं धुकं. घरी येऊन बघते तर आकाश पांढरंफटक आणि कडा म्हणजे नुसता डांबराचा गोळा.

त्यातला एक फोटो मला १२ बाय १८ इंच छापून भिंतीवर लावायचाय. बाबा कड्यावर पालथे पडून खाली डोकावतायत तो. ३० वर्षं "एकदा जायचंय" म्हणत होते. पण फोटोत बाबा कुठले आणि दगड कुठला तेच कळत नाही. फोनवरच्या ॲपमध्ये ब्राइटनेस वाढवला, तर कडा राखेसारखा करडा झाला आणि आकाशात उरलंसुरलं होतं तेही गेलं.

कॅमेरा धाकट्या भावाचा, निकॉन डी५६००. मला बटणं दाबण्यापलीकडे काही येत नाही. काही करता येईल का?

गडगडाट:
फोटो जसा आला तसा ठेवावा या मताचा मी आहे. हल्ली सगळे रंग चढवून टाकतात. तरी करायचंच असेल तर ॲपमध्ये ऑटो दाबा, दोन सेकंदांचं काम.

लालदिवा:
शुभाताई, ऑटो दाबू नका. आधी एक सांगा, कार्डवर प्रत्येक फोटोच्या दोन फाइली आहेत का?

भटकी_शुभा:
हो काका! एक उघडते, दुसरी लॅपटॉपवर उघडतच नाही. नावापुढे एनईएफ असं काहीतरी आहे, एकेक २५-२८ एमबीची. खराब झाल्या असतील म्हणून त्या पुसायला काढल्या होत्या.

लालदिवा:
पुसू नका!! तुमच्या भावाला माझ्यातर्फे एक पेढा द्या, त्याने कॅमेरा रॉ अधिक जेपेगवर लावून ठेवलाय. ती न उघडणारी फाइल म्हणजेच तुमची निगेटिव्ह. उघडते ती जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच्या अकलेने काढलेली प्रिंट. (गडगडाट, "जसा आला तसा" म्हणता तो हाच. तोही शिजवलेलाच असतो हो, फक्त आचारी कॅमेऱ्यातला.)

फरक किती ते बघा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. मात्र त्या सारख्या वाटलेल्या नसतात. स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याचा एक टप्पा. सगळ्यात उजळ स्टॉपला एकट्यालाच ८,१९२ मिळतात, त्याखालच्याला ४,०९६, मग २,०४८, असं निम्मं निम्मं होत जातं. म्हणून सावली उजळवली की आत तपशील सापडतो, पण सोबत फोटो खरखरीत करणारे दाणेही वर येतात. कड्याचं तेच होणार. आकाशाचं उलट आहे. सेन्सर काठोकाठ भरला की पुढचं सांडून जातं. रॉमधून एखादा स्टॉप परत मिळाला तर नशीब. अंधारात असतं ते लपलेलं असतं, पांढऱ्यात गेलं ते गेलं.

आता कृती. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ फुकट मिळतं, ते एनईएफ उघडतं. डार्कटेबलही फुकट आहे आणि ताकदीचं आहे, पण पहिल्याच दिवशी त्यात शिरलात तर फोटो राहील बाजूला. फाइल उघडल्यावर आधी हिस्टोग्राम पाहा, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे उजळ किती ते दाखवणारा आलेख. त्यातला डोंगर उजव्या भिंतीला चिकटून उभा असेल तर आकाश सांडलंय. पहिल्यांदा हायलाइट (उजळ भागांचा स्लायडर) खाली ओढा आणि ढगांच्या कडा परत येतात का ते बघा. शॅडो (काळ्या भागांचा) त्यानंतर वर. आधी शॅडोला हात घातला की डोळा त्या उजेडाला सरावतो आणि मग माणूस थांबत नाही.

आणि कडा पुरता उजळू नका. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला, सकाळी तो सावलीतच असायचा. सावली सावलीच वाटली पाहिजे, फक्त तिच्यात थर मोजता आले पाहिजेत. सावलीतला बेसॉल्ट उजळल्यावर निळसर येतो, तेव्हा तेवढ्याच भागावर व्हाइट बॅलन्स (रंगांचा निळा-पिवळा तोल) जरा उबेकडे, म्हणजे पिवळ्याकडे न्या.

क्लॅरिटी (तपशील ठसठशीत करणारा) आणि डीहेझ (धुकं काढणारा) हे दोन स्लायडर कुठे दिसले तर ते म्हणजे वरणातलं हिंग. कोकणातलं धुकं सगळं काढलंत तर खोली जाते, आणि खालची गावं कड्याला चिकटवल्यासारखी दिसतात. शिवाय सेन्सरवरची धूळ आकाशात घारींसारखी फिरायला लागते.

आमचा तालुक्याच्या गावी स्टुडिओ होता, २२ वर्षं चालवला. लग्नाच्या निगेटिव्हमध्ये नवरदेवाचा चेहरा प्रिंटवर काळा यायचा. मग एन्लार्जरचा (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राचा) उजेड कागदावर पडत असताना तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती मी चेहऱ्यावर धरायचो. तेवढ्या भागाला उजेड कमी, म्हणजे कागदावर चेहरा गोरा. चकती सारखी हलवत राहायची, नाहीतर तिची कड उमटते आणि नवरदेवाच्या डोक्यामागे प्रभावळ दिसते. वडिलांचा स्टुडिओ होता तेव्हा त्यांनी माझ्या अशा आठ प्रिंट एकदमच फाडल्या होत्या. आज फोनवर ओढूनताणून केलेल्या फोटोंत कड्याला ट्यूबलाइटसारखी पांढरी रेघ दिसते ना, ती तीच स्थिर धरलेली चकती. बाबांच्या तेवढ्याच भागावर काम कराल (एनएक्स स्टुडिओत त्यासाठी कलर कंट्रोल पॉइंट असतो) तेव्हा एकदम उजळू नका, हलक्या हाताने करा.

ढगवेडी:
काकांच्या उत्तरात एवढीच भर: छापायचंय तर स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणून काम करा. लख्ख स्क्रीनवर बरोबर दिसणारा फोटो कागदावर काळवंडतो, माझ्या दोन प्रिंटचे पैसे असेच गेलेत. लॅबकडून आधी ४ बाय ६ काढून बघा. आणि फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, दाबून बारीक होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पुढच्या वेळी कॅमेरा दगडावर टेकवून तीन फोटो काढा: एक नेहमीचा, एक दोन स्टॉप काळा, एक दोन स्टॉप उजळ. नंतर जोडता येतात. पण त्यात माणूस हलला की दोन डोकी येतात, तेव्हा बाबांना पालथेच राहू द्या :)

भटकी_शुभा:
काका, झालं!! काल रात्री दीड वाजेपर्यंत बसले होते. हायलाइट पार खाली नेल्यावर उजवीकडच्या ढगांना आकार आला. मधला एक पट्टा मात्र पांढराच राहिला, तो गेलाच म्हणायचा. पण कडा! आडवे थर आले, थरांवरचं गवत आलं. बाबांची पांढरी टोपी आली, गालावरचे खुंट आले. जरा दाणे आहेत, पण हातभर लांबून दिसत नाहीत.

आणि एक भानगड झालीय. गेले तीन आठवडे बाबा सगळ्या नातेवाइकांना सांगतायत, "मी एकटाच टोकावर पडलो होतो, मला कुणी धरलं नव्हतं." सावली उजळली तर काय, मागे पाचनईचा वाटाड्या पोरगा उकिडवा बसलाय आणि दोन्ही हातांनी बाबांचा घोटा गच्च पकडलाय. फोटो मी काढला, तेव्हा मलाही दिसलं नव्हतं. मीच घाबरून नुसती बाबांच्या डोक्याकडे बघत होते.

सकाळी बाबांना दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "छान झालाय. तेवढा तो मागचा कोपरा पहिल्यासारखा काळा कर." काका, उजळलेलं परत काळं कसं करायचं?

लालदिवा:
हाहाहा. त्याला आम्ही बर्निंग म्हणायचो. पुठ्ठ्याला भोक पाडायचं आणि बाकी कागद झाकून तेवढ्याच भागाला जास्त उजेड द्यायचा. तुम्ही तसाच पॉइंट त्या पोरावर लावा आणि तिथला उजेड खाली आणा, हात हलकाच. बाबांच्या पोटरीपर्यंत येऊन थांबा.

मूळ फाइल मात्र जपून ठेवा. आणि एक ४ बाय ६ न झाकता काढा, पुढच्या खेपेला त्या पोराला द्यायला.